दार लागलं, दिवा का विझेना?

दसऱ्याला खानदेशात माणसांआधी गाड्यांची आंघोळ होते. ट्रॅक्टर, पिकअप, काळी-पिवळी, घरची अल्टो, सगळ्यांना रांगेत उभं करून पाइपाचा फवारा मारला जातो. चाकं, मडगार्ड, फूटबोर्ड आणि दाराच्या खाचाही त्यातून सुटत नाहीत. मग झेंडूची माळ, बॉनेटवर हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. वीसेक दिवसांनी दिवाळी येते. लेकीला आणायला पहाटे निघायचं असतं, डिक्कीत फराळाचे डबे भरलेले असतात, सेल्फ मारावा तर बॉनेटखालून नुसतं ‘टक’ होतं. बॅटरी उतरलेली. किल्ली काढली होती, काचा वर होत्या, दारं लावली होती. तरी छतातला दिवा रात्रभर जळत राहिला.

जळगाव-धुळ्याकडे गाडीच्या विजेचं काम करणाऱ्याला वायरमन म्हणतात. त्याच्याकडे दिवाळीच्या आगेमागे हे गाऱ्हाणं नेमानं येतं: “भाऊ, लाइट बंदच व्हत नही.” गाऱ्हाणं घेऊन येण्याआधी मालकानं घरी दोनपैकी एक उपाय केलेला असतो. छतावरचं बटण ‘बंद’कडे सरकवून ठेवायचं, नाहीतर सरळ बल्ब उपटून काढायचा. दोन्हींनी बॅटरी वाचते. दोन्हींनी दोष मात्र जागच्या जागी राहतो, कारण दिवा बिघडलेलाच नसतो. दार उघडं आहे, असं गाडीला कुठून तरी कळवलं जातंय आणि दिवा ते इमानानं दाखवतोय. साक्षीदाराचं तोंड बंद केल्यानं खटला निकाली निघत नाही.

शिवाय दर वेळी ती खबर खोटीच असते असंही नाही. कधी कधी दार खरोखरच अर्धवट लागलेलं असतं, आणि त्याला टेकून मागच्या सीटवर लेकरू झोपलेलं असतं.

उलट्या बाजूचं बटण

हा दोष समजून घ्यायचा तर दिव्याची जोडणी आधी पाहावी लागते. घरात आपण बटण फेजच्या वायरीत घालतो. बटण बंद केलं की दिव्यापर्यंत वीज पोचतच नाही. मोटारीच्या छतातल्या दिव्याचं साधारणपणे उलटं असतं. बॅटरीची पॉझिटिव्ह वायर फ्यूजमधून थेट दिव्याला जाते आणि तिथे कायम वीज असते, किल्ली खिशात असली तरी. बटण बसवलेलं असतं दुसऱ्या बाजूला, म्हणजे दिव्याकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेवर. गाडीचा अख्खा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. वायरमन त्याला ‘अर्थ’ म्हणतो. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेराएवढा पिन-स्विच असतो. दार उघडलं की स्प्रिंग पिनेला बाहेर ढकलते, वायर पत्र्याला भेटते आणि दिवा लागतो. दार लागलं की पिन आत दाबली जाते, भेट तुटते, दिवा विझतो.

म्हणजे या स्विचची मोकळी अवस्था ‘चालू’ आहे. त्याला बंद ठेवण्यासाठी दारानं सतत दाबून धरावं लागतं. पिन दोन मिलिमीटर कमी दाबली गेली, तरी दिवा चालू. स्विचच्या आत पाणी शिरून गंजाचा थर चढला, तरी चालू. स्विचपासून छतापर्यंतच्या वायरीचं आवरण कुठेही सोललं आणि तांबं पत्र्याला लागलं, तरी चालू. चारही दारांचे स्विच एकाच वायरीवर समांतर जोडलेले असतात, म्हणून एका दाराचा दोष सगळ्या गाडीचा होतो.

यात आणखी एक मेख आहे. एरवी वायर पत्र्याला लागली की फ्यूज उडतो, धूर निघतो, वास येतो आणि माणूस सावध होतो. इथे मध्ये बल्ब असतो. बल्ब ओढतो तेवढाच प्रवाह वाहतो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. दिवसाउजेडी छतातला मिणमिणता दिवा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि रात्री गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली असते.

मोटारीत दमदार बॅटरी कायमची वस्तीला आली ती मुख्यतः सेल्फमुळे. १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांना चार्ल्स केटरिंगनं घडवलेला विजेचा सेल्फ लागला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचे दिवस सरू लागले. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जुळवायला घेतली. त्या मूळ जीपला वर कॅनव्हास आणि बाजू मोकळ्या. पत्र्याची दारंच नव्हती, त्यामुळे दाराला बांधलेला दिवा असण्याचा प्रश्न नव्हता. दारं आली, काचा आल्या, छताला अस्तर आलं, तशी ही तक्रारही आली.

रस्ता, माती, ऊन आणि उंदीर

अशी तक्रार कुठेही होऊ शकते, पण खानदेशात तिला पोषक असं सगळं एका जागी मिळतं.

पहिला वाटा रस्त्याचा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. धुळ्याहून फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला यायचं तर अंतर नव्वदेक किलोमीटर. याच वाटेवरच्या फागणे ते तरसोद टप्प्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं आणि तेवढी वर्षं लोकांनी खड्डे आणि धूळ खाल्ली. खड्ड्यात आदळणाऱ्या गाडीचं दार बिजागरीवर हळूहळू लोंबतं. गावोगावच्या वडापच्या गाड्यांचं तर विचारूच नका. दाराला धरून चढायचं, दाराला लटकून उभं राहायचं, उतरल्यावर दार दणक्यात आपटायचं. दोन-तीन मिलिमीटर खाली आलेलं दार डोळ्यांना दिसत नाही, पिनेला मात्र ते बरोबर कळतं.

दुसरा वाटा मातीचा. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला आणि केळीला मानवते. ती फार बारीक असते, आणि तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते. उन्हाळ्यात ती धूळ होऊन दाराच्या लॉकमधल्या ग्रीसवर बसते, पावसाळ्यात ओल धरते, हिवाळ्यात सुकून खडखडीत होते. जुन्या बोलेरोचं लॉक उघडून पाहिलं, तर ग्रीसच्या जागी काळपट, चिवट लगदा सापडतो. त्यात स्प्रिंग हलते, पण पूर्ण जागेवर परतत नाही.

तिसरा वाटा उन्हाचा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी गाठतो. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तो त्याहून बराच वर असतो. पिनेवरची रबरी टोपी कडक होते, तडकते आणि एक दिवस गळून पडते. टोपी जाते तेव्हा तिची जाडीही जाते, आणि दार मग पिनेला पुरतं दाबू शकत नाही. दाराकडून समोर येऊन टेकणारं प्लॅस्टिकचं छोटं बटण असतं, त्याचीही हीच गत. गाडी धुणाऱ्या पोराला ते जमिनीवर सापडतं. कशाचं आहे ते न कळल्यानं तो डॅशबोर्डवर ठेवतो आणि मालक ते फेकून देतो.

चौथा वाटा उंदरांचा. भाव चढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. कापूस, कडबा, धान्य आणि गाडी एकाच पडवीत. थंडी पडली की उंदरांना इंजिनची ऊब आणि सीटखालचं कार्पेट सोयीचं पडतं. वायरीचं आवरण कुरतडलं की तांबं उघडं पडतं. बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवणारे पुष्कळ आहेत. वायरमन मात्र गाडी चार दिवसांतून एकदा तरी हलवा, म्हणतो.

पाचवा वाटा आपल्या हौसेचा. नवी गाडी घेतली की तिला सीट कव्हर, मोठा स्पीकर, मागचा कॅमेरा, छताला निळ्या-जांभळ्या पट्ट्या. कायम वीज असलेली वायर शोधायला सोपी जागा म्हणजे छतातला दिवा. तिथून टाका मारला जातो आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो. पुढचं सांगायला नको.

बोटानं घ्यायची परीक्षा

चांगला वायरमन आधी हत्यार काढत नाही. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि छतातल्या बटणाकडे बघतो. त्याच्या तीन जागा असतात: चालू, दार, बंद. लेकरांनी खेळताना ते ‘चालू’वर सरकवलेलं असेल, तर काम तिथेच संपतं आणि वायरमन पैसे घेत नाही. काही गाड्यांत डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करण्याचं चाक शेवटपर्यंत फिरवलं की आतले दिवेही लागतात. तेही पाहून होतं.

मग दारं. एक दार उघडायचं, बाकीची लावलेली ठेवायची आणि त्या दाराची पिन अंगठ्यानं पुरती आत दाबायची. दिवा विझला, तर स्विच आणि वायर दोन्ही निर्दोष. दार पिनेपर्यंत पोचत नाही एवढाच अर्थ. गळालेली टोपी बसवायची, नाहीतर बिजागरी आणि लॉकचं कडं सरकवून दार जागेवर आणायचं. अंगठ्यानं दाबूनही दिवा विझला नाही, तर पुढच्या दाराकडे जायचं. डिक्कीचं दार लोक विसरतात. वायरमन विसरत नाही.

एकाही दाराला दिवा दाद देत नसेल, तर स्विच सोडवायचे. सहसा एकच स्क्रू असतो. इथे हाताची सवय दिसते. स्क्रू निघाला की नवखा माणूस स्विच ओढून वायर उपसतो, आणि वायर भोकातून चौकटीच्या पोकळीत गडप होते. मग अस्तर उघडा, तार घालून ती परत ओढा, अर्धा दिवस गेला. जुना माणूस स्विच बोटभर बाहेर काढतो, वायर चिमट्यात धरतो, तिला सैल गाठ मारतो आणि मगच कपलर सोडवतो. वायर मोकळी होताच दिवा विझला, तर दोषी तोच स्विच. वस्तू स्वस्त, काम पाच मिनिटांचं. स्विच गंजलेला नसून नुसता चिकटलेला असेल, तर स्प्रे मारून, पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करूनही तो सुटतो. वायर लोंबत सोडताना मात्र तिचं टोक पत्र्याला लागू द्यायचं नाही, नाहीतर आपणच नवा दोष तयार करतो.

सगळे स्विच सोडवले तरी दिवा जळतोच आहे, असं झालं की वायरमनच्या कपाळाला आठी पडते. आता कुठेतरी वायरच पत्र्याला लागलेली आहे. पहिला संशय दार आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीवर. दार उघडलं, मिटलं की तिच्यातल्या वायरी वाकतात, आणि वर्षानुवर्षं वाकून त्यांचं आवरण तिथेच तडकतं. दुसरा संशय सीटखाली, तिसरा छताच्या अस्तरात, चौथा बाहेरून बसवलेल्या वस्तूंच्या टाक्यांवर. अशा वेळी तो टेस्ट लॅम्प काढतो: एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला सुई, मध्ये छोटा बल्ब. चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायचा, दिव्याकडून सोडवलेल्या वायरीला सुई टेकवायची. बल्ब लागला, तर त्या वायरीला कुठेतरी अर्थ मिळतोय. मग वायरीचे कपलर एकेक करून सोडवत जायचं. ज्या कपलरला बल्ब विझतो, त्याच्या पलीकडे चोर. पुस्तकात याला मोठी नावं असतील. इथे पोरं हे उस्तादाच्या शेजारी उकिडवं बसून शिकतात.

लॉकमध्ये शिरलेला स्विच

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत चौकटीवर पिन शोधायला गेलात, तर सापडणार नाही. स्विच दाराच्या लॉकमध्येच असतो. लॉकमधला आकडा चौकटीवरच्या लोखंडी कड्याला पकडतो आणि आतला बारीक स्विच त्या आकड्याची जागा कळवतो. आकड्याचे टप्पे दोन. पहिल्या ‘कट’ला दार धरलं जातं, पण पुरतं लागत नाही. दुसऱ्या ‘कट’ला पक्कं बसतं. पहिल्या टप्प्यावर अडकलेलं दार बाहेरून लागलेलं दिसतं. छतातला दिवा आणि डॅशबोर्डवरची उघड्या दाराची खूण त्या वेळी बरोबर बोलत असतात. पारोळ्याच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात असं दार उघडलं, तर काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

अशा लॉकची परीक्षा दार उघडं ठेवून होते. स्क्रू-ड्रायव्हरनं आकडा दाबायचा, दोन्ही ‘कट’ ऐकायचे. गाडीला वाटतं, दार लागलं. दिवा विझला, तर लॉक ठीक आहे, कड्याची जागा चुकली आहे. विझला नाही, तर लॉकमधला स्विच अडकलाय किंवा त्याची वायर दोषी आहे. यानंतर हँडल ओढून आकडा परत उघडायचा, मगच दार लावायचं. हे विसरून दार आपटलं, तर मिटलेला आकडा कड्यावर आदळतो आणि बऱ्या लॉकचं वाटोळं होतं. पुष्कळदा लॉक धुऊन, जुना लगदा काढून, नवं पांढरं ग्रीस लावलं की भागतं. नाही भागलं, तर अख्खं लॉक बदलावं लागतं आणि ते पिन-स्विचच्या कितीतरी पट महाग पडतं.

यापुढची पायरी म्हणजे बीसीएम, गाडीच्या अंगातल्या विजेचा छोटा संगणक. बॉश कंपनीनं १९८६ साली ‘कॅन’ नावाची पद्धत जगापुढे ठेवली आणि गाडीतल्या अशा संगणकांच्या वेगवेगळ्या पेट्या दोन वायरींवरून एकमेकींशी बोलू लागल्या. आता दाराचा स्विच दिव्याला थेट जोडलेला नसतो. तो पेटीला कळवतो, पेटी दिव्याला हुकूम देते. म्हणून दार लावल्यावर दिवा झटकन न विझता मावळत जातो. त्याला बिघाड समजून धावत येणारे मालकही असतात. पुष्कळ गाड्यांत बॅटरी वाचावी म्हणून पेटी काही मिनिटांनी दिवा आपणहून बंद करते. सोय चांगली, पण तिनं दोष झाकला जातो. दार उघडं आहे या समजुतीनं गाडीतल्या काही पेट्या झोपतच नाहीत आणि दिवा विझूनही बॅटरी उतरत राहते. इथे स्कॅनर लावून कुठलं दार ‘उघडं’ दिसतंय ते पाहणं हाच सरळ मार्ग.

एलईडीची गंमत वेगळी. जुना बल्ब काढून बाजारातला एलईडी बसवला की तो बंद असतानाही काजव्यासारखा लुकलुकतो. पेटीतून किंवा उजेडाच्या बटणातून कणभर प्रवाह झिरपत असतो. जुन्या बल्बची तार तेवढ्यानं तापत नव्हती, एलईडीला तेवढा पुरतो. जुना बल्ब परत लावून पाहिला आणि लुकलुक थांबली, तर वायरिंगला हात लावायचं कारण नाही.

बॅटरीचं गणित

एवढासा दिवा एवढी मोठी बॅटरी कशी खातो, हा प्रश्न हमखास येतो. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. छतात १० वॅटचा बल्ब असेल, तर १२ व्होल्टवर तो ०.८ अँपिअरच्या आसपास ओढतो. रात्रीच्या १२ तासांत दहाएक अँपिअर-तास गेले. नवी, भरलेली बॅटरी हे सोसते. तीन उन्हाळे खाल्लेल्या बॅटरीत ३५ उरलेलेच नसतात. उष्णतेनं आतल्या रासायनिक क्रिया वाढतात, पाणी उडतं, प्लेटा झिजतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी पाच-सहा अंशांवर उतरतो. तेव्हा इंजिनचं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि गार बॅटरी नेमका कमी देते. बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात.

दुकानात नवी बॅटरी लगेच बसवून मिळते. ती बसवण्याआधी गळती मोजा, असा आग्रह धरावा. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मध्ये मीटर लावायचा, गाडीला लॉक करून अर्धा तास निवांत सोडायचं, मग आकडा वाचायचा. उभ्या गाडीनं ओढावा असा प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत. चारशे-आठशे दिसले, तर कुठेतरी दिवा जळतोय. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही. डिक्कीतला दिवा विझतो की नाही, हे पाहायला मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवावा आणि डिक्की लावावी.

आडवेळेला दिवा विझतच नसेल, तर आधी बटण ‘बंद’वर. ते नसेल किंवा चालत नसेल, तर फ्यूज काढायचा. त्याच फ्यूजवर गाण्यांचा टेप किंवा सेंट्रल लॉक असू शकतं, हे ध्यानात ठेवून. तेही जमत नसेल, तर दहाचा पाना घेऊन निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं. सकाळपर्यंतची सोय म्हणून हे सगळं ठीक.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचं निगेटिव्ह, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, म्हणून. ट्रकवरून वीज घेऊ नये. ट्रकला २४ व्होल्ट असतात, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. धक्का मारायचा तर गाडी गिअरवाली हवी. ऑटोमॅटिकला धक्क्याचा उपयोग नाही, आणि नव्या डिझेल गाड्यांत संगणकापुरतीही वीज उरली नसेल, तर चार माणसांचा घाम फुकट जातो. चालू झालेली गाडी चौकापर्यंत फिरवून आणल्यानं बॅटरी भरत नाही. तिला काही तास हवेत. पुन्हा पुन्हा तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते मग कितीही चार्ज केलं तरी पुरते सुटत नाहीत.

गिऱ्हाइकानं काय सांगायचं?

वायरमनचा धंदा आता दोन टोकांना ताणला गेलाय. एका बाजूला टेस्ट लॅम्पवर आयुष्य काढलेले उस्ताद, ज्यांना कुठल्या गाडीची वायर कुठे घासते ते तोंडपाठ आहे. दुसऱ्या बाजूला आयटीआयमधून ऑटो इलेक्ट्रिकल शिकून आलेली, स्कॅनर हाताळणारी पोरं. लॉकमधला लगदा स्कॅनरला दिसत नाही. तो फक्त ‘दार उघडं’ एवढंच सांगतो. आणि पेटी झोपलेली नाही, हे टेस्ट लॅम्पला कळत नाही. दोघं एकाच टपरीत असले, तर काम लवकर होतं.

पण निम्मं काम गिऱ्हाइकाच्या हातात असतं. गाडी कधी धुतली होती, सीट कव्हर किंवा टेप कधी बसवला, दिवा ठरावीक दार लावल्यावर जळतो की कुठलंही, खड्ड्यात आदळल्यावर लुकलुकतो का, डॅशबोर्डवर दाराची खूण दिसते का, गाडी किती दिवस एका जागी उभी होती. एवढं नीट सांगितलं, तर तासाचं काम दहा मिनिटांवर येतं. “बल्ब काढून द्या” एवढंच म्हटलं, तर वायरमन बल्ब काढून देईल. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याला परवडत नाही. दार लागतंय की नाही, ते मग मागच्या सीटवरच्या माणसानं आपलं आपण पाहायचं.